भेग

उषाने भेगेत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. काल नुसती बोटं जात होती. तिने हात झटकन मागे घेतला. भेग घरामागेच होती, डोंगराच्या अंगाला. तीन दिवस पाऊस हटला नव्हता आणि सकाळपासून वस्तीच्या झऱ्याला लाल गढूळ पाणी येत होतं.

ती वस्तीची आशा सेविका, सरकारी आरोग्याचं काम बघणारी. जमीन फाटली, झरा गढुळला, की थांबायचं नाही, हे तिला तालुक्याला शिकवलं होतं. तिनेच दोनदा सराव घेतला होता. लोक हसत हसत समोरच्या टेकाडावरच्या शाळेत गेले, चहा पिऊन परतले. आज उगाच उठवलं असं झालं, तर पुढच्या वेळी कोण येणार? तरी तिने थाळी बडवायला घेतली.

बायका पोरं काखेला मारून निघाल्या. तिचे सासरे कोंडिबा मात्र उंबऱ्यावरून हलेनात.

"डोंगूर माज्या बापाच्या आधीपासनं हाय हितं. त्याला काय हुतंय?"

"मामा, मला लई भ्या वाटतंय." तिचे दात वाजत होते. "खोटं ठरलं तर समद्यांम्होरं शिव्या द्या. पर आत्ता चला."

सुनेला एवढं घाबरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुरकुरत ते उठले.

शाळेत तासभर काहीच झालं नाही. पाऊस उघडला, ऊनही पडलं. शेजारचा शंभू चपला शोधू लागला. "माजी म्हस दाव्यालाच राह्यलीय. सोडून येतो."

उषा दारात आडवी उभी राहिली. "नगं, भावजी."

"सर बाजूला."

पायाखालची फरशी थरथरली. डोंगरातून जात्याची घरघर यावी तसा आवाज आला. झाडं उभीच्या उभी खाली सरकली. त्यांच्यामागून चिखल आला आणि कोंडिबांचं घर, शंभूचा गोठा, पुढची दोन घरं दिसेनाशी झाली.

शंभू दारातून मागे सरकला. मग धोंडाबाई, वस्तीतली सगळ्यात म्हातारी, हळूच म्हणाली, "ह्याच डोंगराखाली पल्याडची वाडी हाय, तिला कुनी सांगितलंय का गं?"

उषाने फोन काढला. रेंज नव्हती. तिने मान वर केली तोवर कोंडिबा खालच्या भातखाचरांच्या बांधावरून अनवाणी पळत सुटले होते, पडत, उठत, घसा फाडून ओरडत, "निघा! घराभाईर निघा!"