भुणभुणता डबा

"सूनबाई, त्याला म्हणावं, चहा निवतोय," दत्तोबा म्हणाले.

'तो' म्हणजे त्यांचा मुलगा शंभू. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर. मधे बसलेल्या सत्यशीलेने निरोप इमानेइतबारे पोचवला. "अण्णांना म्हणावं, पितो," शंभू म्हणाला. तोही तिने पोचवला. नारायण पेठेत अबोला धरला म्हणून कुणी गप्प बसत नाही. फक्त तिसऱ्याकरवी बोलतात, आणि तेही अगदी शुद्ध भाषेत. संक्रांतीला सुरू झालेला हा अबोला आता चैत्रात येऊन पोचला होता.

कारण रेडिओ. दत्तोबांनी नोकरी लागल्यावर घेतलेला. तो बंद पडून इतकी वर्षं झाली होती, की त्याच्या आतली झुरळंसुद्धा सेवानिवृत्त होऊन गावी गेली होती. तरी दर दसऱ्याला दत्तोबा तो कपाटावरून उतरवत, पुसत, हळदकुंकू लावून झेंडूचा हार घालत. सत्यशीलेने एकदा मोबाइलवर आकाशवाणी लावून दिली, तर कानाला लावून म्हणाले, "हिला खरखर कुठाय?" आणि परत दिला.

अशा त्या पूजेतल्या वस्तूच्या पोटात शंभूने स्क्रूड्रायव्हर घातला. बँकेतला पन्नाशीचा माणूस, पण कॉलेजातली गिटार सुटली नव्हती. त्याला हवा होता जुन्या पद्धतीचा फझ. फझ म्हणजे पायाने दाबायची पेटी. गिटारचा सूर आत साधा जातो आणि बाहेर येतो तो मधमाशांचं मोहोळ होऊन. बाजारात तयार मिळते. पण खरी भुणभुण जुन्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमधूनच निघते, यावर त्याची श्रद्धा. तसले दोन अण्णांच्या रेडिओत होते.

"अण्णा, माणूस गेल्यावर डोळे दान करतात ना, तसंच हे," शंभू म्हणाला होता.

"तो गेला नव्हता. झोपला होता." दत्तोबा त्याच्याशी थेट बोललेलं ते शेवटचं वाक्य.

तेव्हापासून शंभूला एकच ध्यास. आवाज असा निघाला पाहिजे, की अण्णांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं, रेडिओ सत्कारणी लागला.

पेटी त्याने श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा समोरच्या गच्चीवरच्या कावळ्यांनी पत्ता बदलला. ऊन वाढलं की ते जुने ट्रान्झिस्टर तापून बेसूर होत, म्हणून शंभू डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचा. "अहो, दही बिघडलेलं नाहीये," सत्यशीला म्हणाली, "पण कान लावला तर गुणगुणतंय."

हे सगळं चाललं असतं. खरी पीडा निराळीच होती. तार वाजली की भुणभुण यायची, आणि तार थांबली की स्पीकरमधून आकाशवाणीचे बाजारभाव यायचे. मग हवामान. मधेच एखादं भावगीत. प्लॅस्टिकचा डबा आणि गिटारची लांब वायर, दोघं मिळून वाऱ्यावरचं काय वाटेल ते गोळा करत होते. शंभू एकदा डोळे मिटून लांबलचक सूर धरून बसला, आणि सूर विरता विरता त्यातून कांद्याची आवक निघाली.

त्यात अण्णा. रोज सकाळी पूजा आटोपली की ते आपली खुर्ची उचलून शंभूच्या खोलीत येत, स्पीकरसमोर मांडत आणि डोळे मिटून बसत. बोलणं नाही, चालणं नाही. सुतकात बसल्यासारखे. शंभूचा सूर मग हमखास चुकायचा.

"रोज येऊन माझ्याकडून रेडिओचे दिवस घालून घेताहेत," तो सत्यशीलेला म्हणाला.

"मग लवकर तेरावा उरका," ती म्हणाली. "मलाही निरोप पोचवून कंटाळा आलाय."

शंभू पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन जाळीचं वेष्टण असलेली वायर घेऊन आला. एक एवढासा कपॅसिटर आणला, तांदळाच्या दाण्याएवढा, बाहेरच्या लहरींना दारातच अडवणारा. प्लॅस्टिकचा डबा गेला आणि सत्यशीलेचा शेवयांचा स्टीलचा डबा आला. रविवारी सकाळी त्याने शेवटचा टाका मारला, झाकण घट्ट बसवलं आणि अण्णांची वाट बघत बसला.

दत्तोबा आले. खुर्ची मांडली. डोळे मिटले.

शंभूने तार छेडली. काय सूर निघाला म्हणता! जाड, ऊबदार, कडेने किंचित फाटलेला. खिडकीची तावदानंसुद्धा त्या सुरात सूर मिसळू लागली. स्वयंपाकघरातून सत्यशीला हातात लाटणं घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. सूर हळूहळू विरला. शंभूने तारांवर पंजा ठेवला. स्पीकर एकदम शांत. खरखर नाही, बाजारभाव नाहीत, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जे हवं होतं ते नेमकं मिळालं होतं.

दत्तोबा तसेच बसून राहिले. थोडा वेळ गेला. त्यांनी मान कलती करून कान स्पीकरकडे नेला. आणखी थोडा वेळ गेला. मग डोळे उघडले.

"अण्णांना विचार," शंभू हलक्या आवाजात सत्यशीलेला म्हणाला, "कसा वाटला आवाज?"

"सूनबाई, त्याला म्हणावं..." दत्तोबांनी सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. खुर्ची सरकवून ते सरळ मुलाकडे वळले.

"गाढवा, इतक्या वर्षांनी लागला होता माझा रेडिओ. पुन्हा मोडलास!"