खाल्लेली ओळ

मधल्या सुट्टीची घंटा होताच नववीतली मुले डबे टाकून ग्रंथालयाकडे धाव घेत. विज्ञानाच्या सरांना हे संशयास्पद वाटले. पेपर नक्कीच फुटला होता. पुरावा हाती आला, की अख्ख्या वर्गाची परीक्षा रद्द. त्यांनी एका मुलीला दारातच अडवले.

"काय शोधता गं आत?"

"शेवटची ओळ, सर. भाषेच्या बाई रोज फळ्यावर कविता लिहितात आणि शेवटची ओळ मुद्दाम खातात. ती पुस्तकांत शोधायची."

"थापा मारू नकोस!" सरांनी शहानिशेसाठी फळ्यावरची कविता उतरवून घेतली.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई कुलूप हातात धरून ताटकळल्या होत्या.

"सर, घरी जायचंय ना?"

"थांबा हो," पुस्तकांच्या ढिगाआडून सर म्हणाले, "मुळात अशी ओळ आहे का, याचीच मला शंका आहे. एवढं एकच पुस्तक बघू द्या."