करवंटीची सहा बटणं

बाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"काय विकायला आलात?"

"विकायला नाही, काकू. मी जिनत. नारळाच्या करवंटीची बटणं बनवते, घरीच. ऑनलाइन परदेशात पाठवते. तुमची कल्याणी कॅनडाहून माझ्याकडून मागवते."

"बटणं?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "तिला साधी सुई ओवता येत नाही."

शनिवार पेठेतले तीन जिने चढताना जिनतने काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं. आता त्यातलं एक वाक्य आठवेना. तिने सरळ मोबाइलच साखळीखालच्या फटीतून आत दिला.

चार महिन्यांत कल्याणीने आठ वेळा ऑर्डर दिली होती. दर वेळी सहा बटणं. ऑर्डरखाली दुकानदारासाठी निरोप लिहायला एक चौकट असते. पहिल्या वेळी तिथे 'छान आहेत' एवढंच होतं. पाकिटावर पुण्याचा पत्ता बघितल्यावर मात्र इंग्रजी अक्षरांत मराठी यायला लागलं. मंडईत अंजीर आले का. लक्ष्मी रोडला अजून तेवढीच गर्दी असते का. जिनत बटणांबरोबर चिठ्ठी घालून उत्तर द्यायची. मग एकदा चौकटीत आलं, 'बटणं नकोच आहेत मला. बोलायला दुसरं कोणी नाही.'

परवाचा निरोप लांब होता. पासपोर्ट नवऱ्याने कुलपात ठेवलाय. फोन, मेल सगळं तो तपासतो. कार्डही त्याचंच, पण बटणं म्हटल्यावर तो काही विचारत नाही, पाकीटही उघडून बघत नाही. नवा पासपोर्ट काढायला जन्मदाखला आणि जुन्या पासपोर्टची झेरॉक्स लागेल. दोन्ही आईकडे आहेत. खाली इथला पत्ता.

जिनतच्या नवऱ्याने, कासिमने, तो निरोप वाचून मोबाइल तिच्या हातात परत दिला होता. "गिऱ्हाईक आहे ती. तुझी बहीण नाही."

सत्यशीलाबाई चष्मा वर सरकवून वाचत होत्या. वाचून झालं, तरी त्या पडद्याकडेच बघत राहिल्या.

"कोण आहे गं?" आतून पुरुषाचा आवाज आला.

बाईंनी मोबाइल फटीतून बाहेर दिला. "बटणं विकणारी आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या. "नको म्हटलं तरी उभीच आहे."

आणि दार लागलं.

जिनत जिना उतरली. आता कल्याणीला चिठ्ठीत काय लिहायचं? आई भेटल्या, बऱ्या आहेत, असं? तिने स्कूटरला किल्ली लावली, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो, बटणवाल्या बाई!"

सत्यशीलाबाई कठडा धरून उतरत होत्या. खांद्याला कापडी पिशवी. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत त्यांचे यजमान, श्रीधरराव, बनियनवर येऊन उभे राहिले होते.

"यांच्या झब्ब्याची बटणं तुटलीत. तुमची लावून आणा," बाई वर ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

जिनतने पिशवीत हात घातला. झब्ब्याच्या घडीत प्लॅस्टिकचं पाकीट हाताला लागलं.

"एवढ्या लवकर सापडलं?" तिने हळूच विचारलं.

"शोधायचं काय त्यात? दोन वर्षं तांदळाच्या डब्याखाली आहे. दाखला, झेरॉक्स, सगळं एकत्र. म्हटलं, मागेल कधीतरी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

झब्ब्याचा गळा पिशवीबाहेर ओढून बाई एकेका काजावर बोट ठेवत गेल्या. वरून बघणाऱ्याला वाटावं, कुठे काय लावायचं ते दाखवतायत.

"किती दिवसांत पोचतं?"

"बारा-पंधरा. कस्टममध्ये अडकलं तर जास्त."

"तिथे उघडतात?"

"कधी कधी. मी बटणं पुठ्ठ्यावर शिवून पाठवते. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद घालून कडा चिकटवून टाकीन. वरून नुसती बटणं दिसतील."

"आणि पोस्टाच्या फॉर्मवर काय लिहाल?"

"बटणं, सहा नग."

"माझ्यापायी खोटं लिहायला लागणार तुम्हाला."

"बटणं असतातच की आत, काकू."

बाईंचा हात काजावर थांबला. पहिल्यांदाच त्यांनी जिनतकडे नीट बघितलं.

"पोचलं की फोन करते तुम्हाला," जिनत म्हणाली.

"नको. माझा फोन हे बघतात."

"मग घरी येऊन सांगते."

"दोनदा आलात तर हे विचारतील. झब्बासुद्धा नका आणून देऊ. मी सांगेन, बाई पळाली घेऊन." त्यांनी झब्ब्याचा गळा पुन्हा पिशवीत सारला. "तुमचं नाव खराब होईल तेवढं."

"बटणंच लावायचीत ना?" गॅलरीतून आवाज आला. "का शिवणाचा क्लास लावलाय तिथे?"

"आले, आले," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

जिनत पिशवी छातीशी धरून दोन पावलं त्यांच्यामागे गेली. "काकू, पण मग तुम्हाला कळणार कसं?"

सत्यशीलाबाई पहिल्या पायरीवर थांबल्या. मागे न बघताच बोलल्या.

"जावयाचा दर रविवारी यांना फोन येतो. कल्याणी मजेत आहे म्हणून सांगतो. ज्या रविवारी तो तसं सांगणार नाही, त्या रविवारी मला कळेल."