काळ्या रश्श्याचा पत्ता

मेसेज गेला आणि मग रंगनाथरावांना आठवलं, दत्तू तर वारला.

तोवर निळ्या खुणा उमटल्या होत्या. तेजल नावाच्या कुणा मुलीनं सकाळी ग्रुपवर विचारलं होतं, निफाडहून वडील येतायत, त्यांना जुन्या चवीची काळ्या मसाल्याची मिसळ खायचीय, नव्या हॉटेलांतली नको, कुठे नेऊ? असा प्रश्न दिसला की रंगनाथरावांचा अंगठा डोक्याच्या आधी धावायचा. त्यांनी लिहून टाकलं, भद्रकालीच्या भाजीबाजारामागे जा. पूर्वी जिथे कडुनिंब होता तिथून डावीकडे वळा. सोडा वॉटरची फॅक्टरी होती तिच्यासमोर दत्तूचं दुकान. पाटी नाही. माझं नाव सांगा.

जुने नाशिककर पत्ता सांगतात तो असाच, नाहीशा झालेल्या गोष्टींच्या खुणांनी. खुणा गेल्या तरी चालतं. पण दुकानदारच गेला असेल तर दुकान कुठलं उरायला? दत्तूला सरणावर ठेवून आल्यापासून रंगनाथराव त्या गल्लीत फिरकलेच नव्हते.

ग्रुप म्हणजे त्यांचा जीव की प्राण होता. चकलीची भाजणी कुठल्या गिरणीत दळावी, घोटीचा तांदूळ खात्रीनं कोण देतो, नागलीचे पापड कोणाकडचे घ्यावेत, सगळं तेच सांगायचे. तिथे कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, पण अडलं की लोक म्हणायचे, काकांना विचारा. घरात मात्र त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. मुलगा महेश समोरून निघून जायचा, त्यांच्याकडे बघायचासुद्धा नाही. सून निकितानं तर त्यांचा चहाच बंद करून टाकला होता. साखर वाढली असेल, अशी रंगनाथरावांनी आपली समजूत घातली होती. म्हातारपणी घरोघरी हेच चालतं, त्यात नवल ते काय!

आपलं डोकं अजून शाबूत आहे याचा पुरावा म्हणून एवढा ग्रुप उरला होता, आणि आता तोही हातचा जाणार होता. तेजल वडिलांना घेऊन भर उन्हात त्या गल्लीत उभी राहील. मग ग्रुपवर लिहील, तिथे तर काहीच नाही. लोक हसतील, ते एक वेळ सोसता येईल. पण आपल्याला विसर पडायला लागला, हे स्वतःशी कबूल करावं लागेल. रंगनाथराव मनातून पार घाबरले. दुरुस्ती लिहावी की नको, या घोळात दुपार झाली. शेवटी त्यांनी पुन्हा फोन उचलला, तर तेजलचा फोटोच येऊन पडला.

ताटात मोडाची मटकी, वाटीत काळाभोर रस्सा, बाजूला पापड आणि दही. मागच्या भिंतीवर चुलीच्या धुराचा तोच जुना पट्टा. खाली तिनं लिहिलं होतं की वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही तिखटानं नाही. लगेच दहा-बारा जणांनी हात जोडले, कोणी म्हणालं, काका ते काकाच.

रंगनाथरावांना आधी हायसं वाटलं. मग त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. चूल पेटवणार कोण? दत्तूला दोन मुली, दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या. त्यांनी तेजलला वेगळा मेसेज करून विचारलं, गल्ल्यावर कोण होतं?

उत्तरादाखल तिचा आवाजच आला. एक सडसडीत गृहस्थ होते, असं ती सांगत होती. रस्सा स्वतः वाढत होते. उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती.

ती करंगळी रंगनाथरावांनी तुटताना पाहिली होती, मसाला कुटायच्या डंकात. दुसरा कोणी असणं शक्यच नव्हतं.

तेजल पुढे सांगत होती. "काका, सांगू की नको असं झालंय. मी तुमचं नाव सांगितलं, तर ते पळी हातात धरून उभेच राहिले. म्हणाले, 'रंगूभाऊ? ते तं गेले ना, ताई. मी सोता होतो अमरधामला.' त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल. तुम्ही बरे आहात ना?"

रंगनाथरावांना हसूच आलं. मेलेल्यानं जित्याला मेला म्हणावं, ही तर कमाल झाली. घोटाळा दत्तूचाच आहे, मीच गेलो होतो त्याला पोचवायला, असं तिला लिहायचं त्यांनी ठरवलं. पण एकदा खात्री करून घ्यावी म्हणून डोळे मिटले आणि तो दिवस आठवू लागले.

सगळं लख्ख आठवत होतं. पत्र्याची शेड, तुपाचा आणि ओल्या लाकडांचा वास, दुकानातली नेहमीची मंडळी खाली माना घालून उभी. कोणीतरी म्हणत होतं, माणूस खाण्याचा मोठा दर्दी होता. रंगनाथराव सरणाच्या अगदी जवळ होते, इतरांपेक्षाही जवळ. तरी दत्तूचा चेहरा मात्र काही केल्या आठवेना.

मग फेरे सुरू झाले. पाण्याचं मडकं गेलेल्याचा मुलगा धरतो, आणि दत्तूला तर मुलगा नव्हता. मग हे मडकं घेतलेला कोण, म्हणून रंगनाथरावांनी मनातल्या मनात निरखून पाहिलं.

सदरा भिजून अंगाला चिकटला होता, गळणारं मडकं खांद्यावर होतं, आणि हुंदके देत महेश त्यांच्याच भोवती फिरत होता.