समोरच्या पोरींचं गाणं

सॉफ्टबॉलचा शेवटचा डाव, तिन्ही बेसवर समोरच्या संघाच्या धावपटू आणि चेंडू सोळा नंबरचा शर्ट घातलेल्या बारा वर्षांच्या डार्लाच्या हातात. समोरच्या संघातल्या पोरी जाळीला लटकून, बादल्या बडवत गात होत्या, "सोळा नंबर, सोळा नंबर, चेंडू गेला कुठं? शेजारणीच्या कोंबड्यांत!" या खेळात हे चालतंच. मघाशी डार्लाही त्यांच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणारीला, अशीच गाऊन चिडवत होती.

तिचा बाप रस्टी मात्र तारेच्या कुंपणाला तोंड लावून खवळला. "अंपायर, त्या कार्ट्यांची तोंडं बंद करा! माझ्या पोरीचा धीर खचवताहेत. खिलाडूवृत्ती म्हणून काही आहे की नाही?"

अंपायरनं वैतागून गाणं थांबवलं. मैदान चिडीचूप झालं आणि एकच आवाज उरला, रस्टीचा.

"टाक आता! नीट टाक, मंद कुठली! हात आहे की लाकूड? हरलीस ना, तर घरी चल, दाखवतो तुला!"

डार्लानं हात वर करून खेळ थांबवायला वेळ मागितली आणि तरातरा चालत समोरच्या पोरींपुढे जाऊन उभी राहिली.

"ए, थांबलात कशाला? गा ना! आणखी जोरात गा. तुम्ही गात होतात तोवर मला तो ऐकू येत नव्हता."