पाच आवाजबंद केबिन

"बेटा, दिवसभर लोकायचं दुःख आयकणाऱ्या माणसाले असं काचेत कोंडशीन, त त्याचं कोण आयकन?" सुतारकाम करता करता गयासुद्दीन चाचा म्हणाले होते. मी हसून उडवून लावलं, "चाचा, याला फोकस म्हणतात."

जठारपेठेतलं शेतकरी हेल्पलाइनचं ऑफिस हे माझ्या लेकीच्या, तुबाच्या जन्मानंतरचं माझं पहिलं डिझाइन. पाच समुपदेशकांना पाच आवाजबंद केबिन, टीमवर्कसाठी मध्ये गोल टेबल, मनःशांतीसाठी कोपऱ्यात मनीप्लांट. कापसाचे भाव पडल्यापासून फोन थांबत नव्हते.

आठवड्याने तुबाला कडेवर घेऊन बघायला गेले. गोल टेबल रिकामं. शालूताईंच्या केबिनचं दार तेवढं उघडं होतं. त्या फोनवर समजावत होत्या.

"कावून करमत नाही, दादा? आजूबाजूले कोणी नाही काय बोलाले? बरं, कुठून बोलून राहिले? दर्यापूर का धारणी?"

उत्तर ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि शेजारच्या केबिनचं दार उघडलं. आतल्या समुपदेशकाच्या कानाला फोन अजून तसाच होता.

"देवीदासभाऊ, चला, चहा घेऊ."

केबिन सोमवारी काढून टाकणार आहोत. तोवर शालूताई रजेवर आहेत. जठारपेठेत कोणी जाणार असाल, तर देवीदासभाऊंकडे जरा डोकावा. "मी मजेत आहो" म्हणाले, तरी पाच मिनिटं बसा.