पाखाडीची चढण

एसटीतून उतरलेला विनायक थांब्यावर आईला पाहून दचकलाच. "तू इथवर आलीस? एकटी?"

"मग कोण आणणार मला?" मथुराबाई हसल्या.

गेल्या वर्षी घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून लेकाने त्यांना पुण्याला न्यायचा धोशा लावला होता. आज तो न्यायलाच आला होता. घराकडे जाणारी पाखाडी, ती दगडी पायऱ्यांची उभी वाट, आता आईला झेपायची नाही, असं त्याचं ठाम मत. फोनवर त्या नुसतं "बघू" म्हणायच्या. दुखणं सोसत रोज पहाटे केलेले व्यायाम आणि थोडी थोडी वाढवत नेलेली चढण त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

गप्पा मारत त्या पाखाडी चढू लागल्या. चाल बेताची, पण थांबणं नाही. निम्म्यावर लेकाचं बोलणं बंद पडलं, म्हणून त्यांनी वळून पाहिलं. तो कमरेवर हात ठेवून धापा टाकत होता.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

तो पायरीवर टेकला आणि आईकडे बघतच राहिला.

घरी पोचल्यावर त्याने बायकोला फोन लावला. "अगं, आई नाही येत. कशाला येईल? पाखाडी चढताना मीच मागे राहिलो!" शेजारपाजारी ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो सांगत होता.

स्वयंपाकघरात चहाच्या आधणात आलं किसताना मथुराबाईंची मान आपोआप ताठ झाली.